ले माँच्या शर्यतीला गाडीने जाताना: निसर्गरम्य रस्ता निवडायचा कसा?

जूनच्या मध्यावर फ्रान्समधल्या ले माँची २४ तासांची मोटार शर्यत असते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ओळखीच्या मराठी मंडळींकडून त्याआधी एकच प्रश्न येतो: "मोटरवे सोडून छान रस्त्याने जायचंय, कुठला घेऊ?" मी काही सांगायच्या आत बहुतेकांनी अ‍ॅपमध्ये 'मोटरवे टाळा'वर खूण करून टाकलेली असते. मग दिवसभर कारखान्यांच्या वसाहती, सुपरमार्केटं आणि चौकामागून चौक पार करत ते संध्याकाळी सर्किटच्या दारात पोहोचतात आणि नेमका समोरचा रस्ता सरावासाठी बंद झालेला असतो.

याचं कारण नियोजनाचा उलटा क्रम. लोक आधी बंदर ठरवतात, मग वाटेतली गावं आणि गेटचा विचार सर्वांत शेवटी करतात. खालचे टप्पे मुद्दाम गेटपासून सुरू केले आहेत. ते त्याच क्रमाने घ्या.

## टप्पा १: तिकीट, तळ आणि व्हिसा

शर्यतीचं प्रवेश तिकीट, तंबूच्या तळाची जागा आणि वाहनतळाचा पास या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या विकत घ्याव्या लागतात. आयोजक आहे ऑटोमोबिल क्लब द ल'वेस्त, आणि तिकिटं शर्यतीच्या कितीतरी महिने आधी विक्रीला येतात. तळ कोणता मिळाला यावर तुमचा अख्खा रस्ता ठरतो. मेझाँ ब्लाँश, तेर्त्र रूज, बोसेजूर, आर्नाज अशा प्रत्येक तळाकडे जाण्याची वाट निराळी आहे. एकीकडून दुसरीकडे जाणं एरवी पाच-दहा मिनिटांचं काम, शर्यतीच्या आठवड्यात तासाभराचं होऊ शकतं. तळाचं नाव हाती येईपर्यंत रस्त्याचा नकाशा उघडूच नका.

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनमध्ये कितीही वर्षं राहत असलात तरी शेंगेन व्हिसा लागतोच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. पंधरा दिवसांच्या भरवशावर मात्र राहू नका. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळाच मिळत नाहीत, म्हणून मार्चमध्येच कामाला लागा.

पुण्या-मुंबईहून थेट येणाऱ्यांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा आणि मूळ परवानाही बरोबर ठेवावा. एकटा आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही.

तपासा: तिकीट, तळाचं नाव आणि व्हिसाच्या तारखा एकमेकांशी जुळतात का? परतीची फेरी बोट एक दिवस पुढे ढकलावी लागली तर व्हिसात तेवढी सवड आहे का?

## टप्पा २: पोहोचण्याचा दिवस आणि तास

सर्किट १३.६२६ किलोमीटरचं आहे आणि त्यातला मोठा भाग एरवी सार्वजनिक रस्ता असतो. तेर्त्र रूजपासून म्युल्सानपर्यंतची लांबलचक सरळ वाट हा डी ३३८ ('डी' म्हणजे जिल्हा रस्ता) या रस्त्याचाच तुकडा आहे. पुढे म्युल्सानकडून आर्नाजकडे येणारा भागही तसाच. बुधवारी आणि गुरुवारी दुपारपासून रात्रीपर्यंत सराव आणि पात्रता फेऱ्या चालतात, तेव्हा हे रस्ते बंद असतात. शुक्रवारी ट्रॅकवर शर्यतीच्या गाड्या नसतात, पण शहरात चालकांची मिरवणूक निघते आणि मध्यवस्ती बंद होते. शनिवारी तर बोलायलाच नको. शर्यत दुपारी चारला सुटते आणि सकाळपासून गाड्यांच्या रांगा लागतात.

माझं मत स्पष्ट आहे. देखावे बघत यायचं असेल तर बुधवारी किंवा गुरुवारी या, आणि त्या दिवशीच्या सरावाचं वेळापत्रक पाहून रस्ते बंद व्हायच्या आत तळावर पोहोचा. शुक्रवारीच सुट्टी मिळत असेल तर देखाव्याचा हट्ट सोडा आणि महामार्गाने सरळ या. शुक्रवारी वळणावळणाचा रस्ता धरून संध्याकाळी शहरात शिरणं म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

पोहोचण्याचा तास आत्ताच कागदावर लिहा. इथून पुढचा सगळा हिशेब त्या तासापासून मागे मोजायचा आहे.

## टप्पा ३: वेळेचा खरा हिशेब

अ‍ॅप दाखवतं ती वेळ कुठेही न थांबणाऱ्या, रस्ता न चुकणाऱ्या चालकाची असते. फ्रान्समधल्या दुपदरी ग्रामीण रस्त्यांवर २०१८ पासून सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे (काही जिल्ह्यांनी ठरावीक रस्त्यांवर ती पुन्हा ९० केली, तिथे तशी पाटी असते). गावात ५०, आणि अनेक गावांच्या मध्यात ३०. ट्रॅक्टर, वळणं आणि गतिरोधक धरले की सरासरी ५० च्या आसपास येते. म्हणून ग्रामीण रस्त्याचा तास ५० किलोमीटरचा धरा, आणि दर दोन तासांमागे अर्धा तास थांब्याचा.

या हिशेबाने एका दिवसात आनंदाने होईल असा निसर्गरम्य पट्टा दीडशे ते सव्वादोनशे किलोमीटरचा निघतो. त्याहून लांब आखलात तर शेवटचे दोन तास नुसते गाडी हाकण्यात जातात आणि मागचा चांगला भागही लक्षात राहत नाही.

इशारा: फ्रान्सचं घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे असतं. सकाळी उतरल्यावर हा तास हिशेबातून हमखास निसटतो.

## टप्पा ४: बंदर

आता बंदराकडे वळा. फोकस्टनहून रेल्वेबोगद्याने ३५ मिनिटांत पलीकडे, डोव्हरहून फेरीने साधारण दीड तासात कॅले. सोपं आणि वारंवार सुटणारं. पण कॅले ते ले माँ हे अंतर सुमारे ४३० किलोमीटर आहे. वरच्या हिशेबात ते सगळं ग्रामीण रस्त्याने बसतच नाही.

न्यूहेव्हनहून दिएप सुमारे चार तास, आणि तिथून ले माँ अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पोर्ट्समथहून उइस्त्रेआम, म्हणजे काँ शहराचं बंदर, दिवसा सुमारे सहा तास. रात्रीची फेरी सकाळी लवकर पोहोचते. इथून ले माँ सरळ रस्त्याने १७० किलोमीटरच्या आतबाहेर. शेरबूर आणि सें-मालोही आहेत, पण पश्चिम इंग्लंडमध्ये राहत नसाल तर त्यांच्या वाट्याला जायचं कारण नाही.

निसर्गरम्य रस्ता हाच मुख्य हेतू असेल तर उइस्त्रेआम घ्या. फेरीचं तिकीट महाग पडतं हे खरं. पण बोटीवर झोप होते, आणि उतरल्यावर तासाभरात तुम्ही डोंगर-दरीत असता. सगळ्या बंदरांत ही सोय इथेच आहे.

एक फरक लक्षात ठेवा. डोव्हर आणि फोकस्टनला फ्रेंच पासपोर्ट तपासणी ब्रिटनच्या बाजूलाच उरकते. पोर्ट्समथहून निघालात तर ती फ्रान्समध्ये उतरल्यावर होते. युरोपीय संघाच्या नव्या प्रवेश-निर्गमन प्रणालीत बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जातात, त्यामुळे उइस्त्रेआमला उतरल्यावर एक तास राखून ठेवा. तेवढा लागला नाही तर कॉफी प्या.

तपासा: फेरी पोहोचण्याची वेळ + तपासणीचा एक तास + पट्ट्याचे तास + थांबे. ही बेरीज टप्पा २ मध्ये लिहिलेल्या तासाच्या आत बसते का? बसत नसेल तर पट्टा कापा, गाडीचा वेग वाढवून बेरीज जुळवू नका.

## टप्पा ५: रस्ता 'निसर्गरम्य' आहे हे ओळखायचं कसं

इथेच सर्वांत जास्त लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'मोटरवे टाळा' किंवा 'टोल टाळा' ही खूण देखावा शोधत नाही. ती फक्त एक जातीचा रस्ता वगळते आणि उरलेल्यातला जलद रस्ता देते. तो बहुधा जुना राष्ट्रीय रस्ता असतो: सपाट शेतांतून सरळसोट, ट्रकांनी भरलेला आणि प्रत्येक शहराच्या वेशीवर त्याच त्या मोठ्या दुकानांचा.

कागदी मिशेलँ नकाशा घ्या. नॉर्मंडीचा ५१३ आणि पेई द ला ल्वारचा ५१७ असे दोन पुरतात. या नकाशांवर काही रस्त्यांच्या कडेने हिरवी रेघ असते. ती निसर्गरम्य रस्त्याची खूण. लाल रस्ते मुख्य, पिवळे दुय्यम, पांढरे अगदी लहान. तुम्हाला हवा पिवळा रस्ता आणि त्याच्या कडेला हिरवी रेघ. पांढऱ्यावर हिरवी रेघ असेल तर रस्ता देखणा खरा, पण समोरून ट्रॅक्टर आला तर कुणाला तरी मागे घ्यावं लागेल. खाली बसकी स्पोर्ट्स कार असेल किंवा मागे कॅरॅव्हॅन जोडलेली असेल तर पांढरे रस्ते सोडा.

मग हे करा:

१. बंदर आणि तळ यांच्यावर पेन्सिलने खूण करून त्यांच्यामध्ये सरळ रेघ ओढा.
२. रेघेच्या दोन्ही बाजूंना तीस-चाळीस किलोमीटरच्या आत हिरव्या रेघा कुठे दाट दिसतात ते पाहा. सुटी, विखुरलेली हिरवी रेघ सोडून द्या. तीन-चार एकमेकींना जोडलेल्या हव्यात.
३. असा एकच पुंजका निवडा. फार तर दोन.
४. त्यांच्या आधीचा, मधला आणि नंतरचा कंटाळवाणा भाग जलद रस्त्याने उरका.

चौथ्या पायरीला लोकांचा विरोध असतो. सगळा प्रवास सुंदर हवा असतो. पण कंटाळवाणा भाग महामार्गावर चाळीस मिनिटांत संपला, तर तीच वाचलेली वेळ नदीकाठी बसायला मिळते.

नद्यांवर नजर ठेवा. उत्तर फ्रान्समध्ये मोठे डोंगर नाहीत. उंची चारशे मीटरच्या आसपास संपते, आणि देखावा बहुधा नदीने खोदलेल्या दरीत असतो. नकाशावर नदीच्या नागमोडी वळणांना चिकटून जाणारा पिवळा रस्ता दिसला की तो जवळजवळ कधीच निराश करत नाही.

## टप्पा ६: एक तयार रस्ता, उइस्त्रेआम ते ले माँ

साधारण दोनशे ते सव्वादोनशे किलोमीटर. सकाळी आठच्या सुमारास काँ मागे टाकलं तर दुपारी साडेतीनपर्यंत तळावर, थांबे धरून. सरावासाठी रस्ते त्याआधी बंद होणार असतील तर टप्पा ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे पट्टा कापा.

पहिला भाग: काँ ते क्लेसी. बंदरातून काँच्या वळणरस्त्यावर या आणि दक्षिणेला डी ५६२ घ्या, थ्युरी-आर्कूरच्या दिशेने. थ्युरीनंतर रस्ता ऑर्न नदीच्या दरीत उतरतो. या भागाला 'स्विस नॉर्मंडी' म्हणतात. आल्प्सची अपेक्षा ठेवून येऊ नका. हिरवे कडे, खाली संथ नदी, तीत कायाक आणि वर पॅराग्लायडर, असा इथला देखावा आहे. क्लेसीत मुख्य रस्ता सोडून खाली नदीवर जा आणि मग समोरच्या कड्यावरून जाणारा 'रूत दे क्रेत' घ्या. अरुंद आहे, पण ऑर्नचं वळण पूर्ण दिसतं ते तिथूनच.

दुसरा भाग: पाँ-दुई आणि रोश द्वेत्र. क्लेसीहून पाँ-दुई, तिथे न्वारो नदी ऑर्नला मिळते. पुढे रोश द्वेत्रचा कडा. गाडीतळापासून दोन मिनिटं चालत गेलं की पायाखाली शंभरेक मीटर खोल रूव्ह्र नदीची घळ. मुलं बरोबर असतील तर हात धरा, कडा खरोखर उघडा आहे. इथून प्युताँजकडे. वाटेत राबोदाँजच्या धरणाचं लांबट तळं दिसत राहतं.

तिसरा भाग: कारूज आणि एकूव्हचं जंगल. प्युताँजनंतर थोडा वेळ साधी शेतं लागतात, ती थांबा न घेता पार करा. कारूजला खंदकाने वेढलेला विटांचा वाडा आहे. तिथून एकूव्हच्या जंगलात शिरा. क्र्वा द मेदाव्ही या चौफुलीवर दुसऱ्या महायुद्धातला एक शर्मन रणगाडा स्मारक म्हणून ठेवलेला आहे. रस्ता चुकला नाहीत याची ती उत्तम खूण. जंगलातून आलाँसाँकडे उतरा.

चौथा भाग: आल्प मान्सेल, म्हणजे ले माँच्या उत्तरेचा टेकड्यांचा भाग. आलाँसाँच्या मध्यवस्तीत शिरू नका, कडेने पश्चिमेला सें-सेनेरी-ल-जेरे गाठा. फ्रान्सच्या 'सर्वांत सुंदर गावां'च्या यादीतलं हे गाव सार्त नदीच्या वळणात वसलेलं आहे. गाडी गावाच्या वेशीवर लावा आणि चालत पुलावर जा. दगडी पूल, त्याखाली गवताच्या लांब बटा वाहवत नेणारं उथळ पाणी, आणि वर उंचवट्यावर जुनं चर्च. संबंध रस्त्यावर एकच लांब थांबा घ्यायचा असेल तर तो इथे घ्या. पुढे सें-लेओनार-दे-ब्वा, मग फ्रेने-स्यूर-सार्त आणि बोमाँ-स्यूर-सार्त. इथे देखावा संपला असं धरा आणि थेट टप्पा १० कडे वळा.

कॅलेहूनच यायचं असेल तर डी ९४० हा किनाऱ्याचा रस्ता घ्या: काप ब्लाँ-ने, व्हिसाँ, काप ग्री-ने, आंब्लतूझ, बूलोन्य. चांगले दोन तास त्याला द्या आणि बूलोन्यनंतर ए १६ आणि ए २८ महामार्गांनी सरळ खाली. दिएपवाल्यांसाठी पट्टा आहे पेर्श या प्रदेशाचा: मोर्तान्य, बेलेम, बोनेताब्ल आणि मग ले माँ. पॅरिसमध्ये गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी शार्त्रपर्यंत महामार्गाने यावं, कॅथेड्रल पाहावं आणि पुढे डी ९२३ ने नोजाँ-ल-रोत्रू, ला फेर्ते-बेर्नार करत यावं.

## टप्पा ७: रस्ता फोनमध्ये भरणे

आखलेला रस्ता आणि फोन दाखवतो तो रस्ता यांत तफावत पडते, आणि हे बहुतेकांना फ्रान्समध्ये पोहोचल्यावर कळतं. गूगल मॅप्समध्ये संगणकावर रेघ ओढून बदललेला मार्ग फोनवर तसाच उतरेल याची खात्री नसते. थांबेही मोजकेच टाकता येतात. उपाय साधा आहे: पट्ट्याचे तीन-चार तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा वेगळा जतन करा.

थांब्याची खूण गावाच्या मध्यावर टाकू नका. अ‍ॅप तुम्हाला चर्चसमोरच्या चौकात नेऊन उभं करतं. बाजाराचा दिवस असला तर तो चौक सकाळभर बंद असतो. खूण गावाबाहेर पडणाऱ्या रस्त्यावर टाका, म्हणजे अ‍ॅपला तोच रस्ता धरावा लागतो.

दरीत सिग्नल जातो. दोन्ही प्रांतांचे नकाशे आधीच उतरवून ठेवा. आणि गावांची नावं क्रमाने, रोमन लिपीत, जाड अक्षरात एका कागदावर लिहून शेजारी बसणाऱ्याच्या हातात द्या. ती नावं पाट्यांवर वाचणं हे त्याचं काम.

तपासा: फोन विमान-मोडवर टाका. रस्ता अजून दिसतो का?

## टप्पा ८: गाडी आणि डबा

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत: चमकदार जाकीट (डिकीत नको, हाताशी हवं), धोक्याचा त्रिकोण, 'यूके'चा स्टिकर, हेडलाइटचा झोत वळवणारे स्टिकर किंवा गाडीतलं तसं सेटिंग, गाडीची नोंदणी, विमा, आणि युरोपात चालणारं ब्रेकडाउन कव्हर. श्वासतपासणीचं यंत्र बाळगण्याची सक्ती २०२० मध्ये उठली, त्यावर पैसे घालू नका. लीजवरची गाडी असेल तर परदेशी नेण्याचं परवानगीपत्र आधीच मागवा.

डब्याबद्दल मात्र सावध राहा. ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे श्रीखंड, पेढे, पनीर, दही, तूप सगळं बाद. तुपातले लाडूही घरीच ठेवा, तपासनीसाशी वाद घालून वेळ घालवू नका. ताज्या भाज्या आणि कढीपत्ताही चालत नाही. चिवडा, चकल्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या खुशाल न्या.

वाटेत जेवणाची वेळ काटेकोर असते. गावातल्या खाणावळी बारा ते दीडच्या दरम्यानच ऑर्डर घेतात, आणि दुकानं बारा ते दोन बंद. शाकाहारी असाल तर साडेअकराच्या आत बेकरी गाठून पाव, चीज, फळं घेऊन ठेवा. बेकरीतल्या किशमध्ये (अंड्याचा खारा पाय) बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, विचारून घ्या.

इंधनाचं नाव नीट वाचा: 'गाझोल' म्हणजे डिझेल. पंप सुपरमार्केटच्या आवारातले स्वस्त पडतात. बंद वेळेत ते कार्डावर चालतात, पण सुरुवातीला कार्डावर मोठी रक्कम काही काळ अडकवली जाते. टाकी अर्धी झाली की भरा. दरीतल्या गावांत पंप शोधत फिरावं लागतं.

## टप्पा ९: रस्त्यावर

भारत असो की ब्रिटन, आपण डाव्या बाजूने चालवणारे. भर रहदारीत कुणी चुकत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवते. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर: पहाटे तळावरून निघताना, पंपातून बाहेर पडताना, देखावा बघून गाडी पुन्हा सुरू करताना. शेजारच्याने प्रत्येक वेळी मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं, अशी सवयच लावून घ्या.

उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. कुठलीही पाटी किंवा रेघ नसलेल्या चौकात उजवीकडून येणारी गाडी आधी जाते, ती कितीही लहान गल्लीतून येवो. समजा, तुम्ही गावाच्या मुख्य रस्त्यावरून चाळीसने चालला आहात. उजवीकडे दोन घरांच्या मधून एक बोळ निघतो आणि त्यातून जुनी पांढरी व्हॅन न थांबता, तुमच्याकडे न बघता बाहेर येते. धडक बसली तर दोष तुमचा. पांढऱ्या किनारीचा पिवळा हिरा असलेली पाटी दिसली तर मुख्य रस्त्याचा हक्क तुमचा. त्या हिऱ्यावर काळी तिरकी रेघ असेल तर तो हक्क संपला. लाल त्रिकोणात फुली म्हणजे पुढच्या चौकात उजवीकडच्याला वाट द्या. प्रत्येक गावात शिरताना हिरा शोधायचा.

गावाचं नाव हीच वेगमर्यादा. लाल किनारीची नावाची पाटी आली की ५०, वेगळी पाटी लागत नाही. नावावर तिरकी रेघ आली की गाव संपलं.

खडी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ग्रामीण रस्त्यांवर डांबर ओतून सुटी खडी पसरतात. 'ग्राव्हियाँ' अशी पाटी दिसली की वेग खरोखर कमी करा आणि पुढच्या गाडीपासून लांब राहा. काच आणि रंग दोन्ही वाचतात.

महामार्गावर १३०, पावसात ११०. शर्यतीच्या आठवड्यात पोलीस ले माँच्या वाटांवर जागोजाग असतात. मर्यादेपेक्षा ४० ने जास्त गेलात तर परवाना जागेवर काढून घेतला जातो आणि गाडी तिथेच थांबते. दारूची मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम, इंग्लंडपेक्षा कमी. कॅमेरा ओळखणारं यंत्र बेकायदा, गाडी चालवताना कानात इअरफोनही बेकायदा.

टोलनाक्याची खिडकी डावीकडे असते, एकटे असाल तर उतरून फेरा मारावा लागतो. पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए १३ महामार्गावर तर नाकेच काढून टाकले आहेत. कॅमेरा पाटी टिपतो आणि पैसे ७२ तासांच्या आत ऑनलाइन भरावे लागतात. 'नाका लागलाच नाही' म्हणून लोक विसरतात आणि दंडाचं पत्र घरी येतं.

## टप्पा १०: शेवटचे चाळीस किलोमीटर

बोमाँ-स्यूर-सार्तहून ले माँकडे जाणारा रस्ता आहे डी ३३८. हाच क्रमांक शहराच्या दक्षिणेला सर्किटची सरळ वाट होतो. त्यामुळे अ‍ॅप निरागसपणे तुम्हाला शहराच्या मधून ओढत नेऊन लोखंडी अडसरापुढे उभं करू शकतं.

म्हणून शहरात शिरूच नका. उत्तरेलाच ए २८ वर चढा, तिथून ए ११ घेऊन शहराला पश्चिमेकडून वळसा घाला आणि 'ले माँ सूद'ला उतरा. थोडा टोल लागेल, तो द्या. उतरल्यावर फोन बंद करा. इथून पुढे तळाच्या नावाच्या तात्पुरत्या पाट्या आणि वाहतूक सांभाळणारी माणसं यांचंच ऐकायचं. फोनला बंद रस्ते माहीत असतीलच असं नाही. तेर्त्र रूजसारख्या पूर्वेकडच्या तळांची वाट निराळी असू शकते, तिकिटाबरोबर आलेला नकाशा आदल्या रात्री बघून ठेवा.

तपासा: तळाचा पास छापून काचेमागे लावला आहे? फोनची बॅटरी संपली तरी तो दिसला पाहिजे.

हॉटेल शहरात असेल तर गाडी तिथेच ठेवा. ट्रामची एक शाखा आंतारेसपर्यंत, म्हणजे सर्किटच्या जवळ जाते.

## टप्पा ११: परत येताना

शर्यत रविवारी दुपारी चारला संपते. तोवर तुमची रात्रभर धड झोप झालेली नसते, आणि बाहेर पडायला सगळे एकाच वेळी निघतात. त्याच रात्रीची फेरी पकडायचा बेत मला अजिबात पसंत नाही. रविवारची रात्र तळावर किंवा जवळपासच्या गावात काढा, सोमवारी सकाळी निघा. नोकरीची अडचण असेल तर एक रजा आधीच टाकून ठेवा. शर्यतीच्या तिकिटाइतकीच ती गरजेची आहे.

परतीला देखावे नकोत. थकलेल्या डोळ्यांनी वळणाचे रस्ते चालवू नयेत. महामार्गाने जा आणि दर दोन तासांनी विश्रांतीतळावर थांबा. गाडी बंद पडली तर आधी जाकीट घाला, सगळ्यांना कठड्यापलीकडे न्या आणि कडेच्या नारिंगी फोनवरून किंवा ११२ वर कळवा. महामार्गावर फक्त तिथली नेमलेली टोइंग गाडीच तुम्हाला उचलू शकते, तुमच्या ब्रेकडाउन कंपनीला त्यानंतर फोन करायचा. त्या टोइंगची पावती जपून ठेवा, ती दाखवली की पैसे बहुतेक वेळा परत मिळतात.